लॅपटॉप जर्मनीत घ्या नाहीतर मलकापुरात, ‘ळ’ कुठाय?

परदेशात निघालेल्यांच्या यादीत स्वेटर, मसाले, कागदपत्रं, सगळं असतं. आपली भाषा लिहिता येईल असा संगणक मात्र नसतो. खरं सांगायचं तर तो आपल्या घरातही नसतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यासोबत करार केला. तिकडे माणसं कमी पडतायत, इकडे हाताला काम कमी पडतंय. म्हणून सुरुवातीला १० हजार कुशल तरुण-तरुणी पाठवायचे ठरलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, हॉटेलातली कामं, अशी ती यादी. जिल्ह्याजिल्ह्यांत जर्मन शिकवायची सोय करायची, हाही त्याच योजनेचा भाग. त्यामुळे ‘परदेश’ हा विषय आता फक्त पुण्याच्या आयटीवाल्यांचा राहिलेला नाही. मोताळ्याच्या बसस्टँडवरही त्याची चर्चा होऊ शकते.

आता कल्पना करा, तुम्ही तिकडे पोचलात. दोन-तीन पगार झाले, लॅपटॉप घेतला, घरी मेल लिहायला बसलात. ‘वाय’ दाबला की ‘झेड’ उमटतो आणि ‘झेड’ दाबला की ‘वाय’. ‘ॲट द रेट’चं चिन्ह ‘क्यू’च्या बटणावर जाऊन बसलंय, तेही उजवीकडचं ‘ऑल्ट’ धरल्याशिवाय येत नाही. ‘पी’ आणि ‘एल’च्या उजवीकडे डोक्यावर दोन टिंबं असलेली तीन अक्षरं आहेत. पडद्यावरच्या सूचना जर्मनमध्ये. तुम्ही वैतागून म्हणता, काऊन बाप्पा, या लोकांना साधा कीबोर्ड ठेवता येत नाही का?

थांबा. त्यांचा कीबोर्ड साधाच आहे. तो त्यांच्या भाषेचा आहे, एवढंच. आणि आपण ज्याला ‘साधा’ म्हणतो, तो मलकापूरच्या दुकानात मिळणारा लॅपटॉप, त्याच्यावर तरी आपल्या भाषेचं एक अक्षर छापलेलं असतं का?

८ कोटी तिकडे, ८ कोटी इकडे

हा हिशेब जरा नीट बघा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे होते ८ कोटी ३० लाख. जर्मनी या अख्ख्या देशाची लोकसंख्याही आजघडीला ८ कोटी ३० लाखांच्या आसपासच आहे. म्हणजे दोन्हीकडे माणसं जवळपास सारखी.

जर्मन भाषेत ‘एस्त्सेट’ नावाचं एक अक्षर आहे. एकही जर्मन शब्द त्या अक्षराने सुरू होत नाही. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये जर्मन लिहिणारे लोक तर ते वापरतच नाहीत, तिथे दोनदा ‘एस’ लिहून काम भागवतात. तरी जर्मनीत विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर शून्याच्या शेजारी त्या अक्षराला स्वतःचं बटण आहे.

आपला ‘ळ’ही तसाच. मराठी शब्द ‘ळ’ने सुरू होत नाही, पण ‘ळ’शिवाय मराठी पुढेही सरकत नाही. मोताळा लिहायचं तर ‘ळ’ लागतो. नळगंगा, केळी, डाळ, आभाळ, शाळा, सगळीकडे ‘ळ’. आणि तालुक्यात कुठल्याही घरातला लॅपटॉप उघडून बघा, बटणावर ‘ळ’ दिसणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की ‘परदेशात राहून आपल्या भाषेचा संगणक कसा मिळवायचा’ हा प्रश्न विमानतळावर सुरू होत नाही. मराठी माणूस संगणकापुरता मोताळ्यातही परदेशातच राहतो. फरक इतकाच, की इथे आपल्याला ते जाणवत नाही. इंग्रजी कीबोर्ड म्हणजेच संगणक, असं आपण शाळेच्या लॅबपासून धरून चाललोय.

मराठी संगणकात आली कशी?

ही गोष्ट माहीत असायला हवी, कारण तिच्यात ‘इकडचे’ आणि ‘तिकडचे’ दोघेही आहेत.

१९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये ‘जिस्ट’ या तंत्रज्ञानावर काम सुरू झालं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि ते काम तिथे आलं. त्या काळी संगणकाला भारतीय लिपी दाखवायला लावायची, तर त्याच्या आत एक वेगळं जिस्ट कार्ड बसवावं लागे. म्हणजे मराठी हा संगणकाचा जास्तीचा भाग होता, वरून विकत घेऊन लावायचा. १९८६ मध्ये ‘इनस्क्रिप्ट’ ही कीबोर्डची मांडणी प्रमाण ठरली. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जगभरच्या लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली होती.

तिकडेही लोक गप्प नव्हते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स वेल्थुइस यांनी रोमन अक्षरं टाइप करून छापील देवनागरी मिळवायची पद्धत तयार केली. अमेरिकेत अविनाश चोपडे यांनी ‘आयट्रान्स’ बनवलं. साधा ‘एल’ म्हणजे ‘ल’ आणि मोठ्या लिपीतला ‘एल’ म्हणजे ‘ळ’, अशी ती युक्ती. घरापासून हजारो मैल लांब, मराठी दाखवू न शकणाऱ्या मशीनसमोर बसलेल्या माणसाला ती किती मोलाची वाटली असेल, विचार करा. आज तुम्ही मोबाइलवर इंग्रजी अक्षरं दाबता आणि वर मराठी शब्द येतो, त्या सवयीची पूर्वज मंडळी ही.

मग आला विंडोज २०००. त्यात देवनागरीसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट होता, तो घडवला मराठी सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. २००१ च्या विंडोज एक्सपीतही मराठी होती, पण लपलेली. सेटिंगमध्ये आत जाऊन एका चौकटीवर टिक करावं लागे. त्या चौकटीपुढे ‘मराठी’ असं लिहिलेलंच नव्हतं. ‘गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा (थाईसह)’ अशा अर्थाची ती ओळ होती! टिक केली की मशीन विंडोजची मूळ सीडी मागायचं. परदेशात दुकानातून लॅपटॉप घेतलेल्या माणसाकडे सीडी नसेल तर विषय संपला. सगळीकडे चौकोन चौकोन.

ते दिवस गेले. २०१९ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटसोबत मराठीसह १० भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्डही आले. आज कार्ड नको, सीडी नको, पैसे नकोत. तुम्ही श्टुटगार्टात असा नाहीतर धामणगाव बढ्यात, मराठी कीबोर्ड चालू करायला पाच मिनिटं लागतात.

दर्या आणि दऱ्या

‘देवनागरी आली म्हणजे झालं, हिंदीवर भागवून घेऊ’ असं म्हणणारेही भेटतात. त्यांना दोन शब्द लिहायला सांगा, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे बुलडाण्याहून मोताळ्याकडे येताना राजूर घाटात दिसतात त्या. कोकणात दर्या, आपल्याकडे दऱ्या! हा आडवा, पापणीसारखा ‘र’ हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. आपल्या ‘ल’ आणि ‘श’चं वळणही हिंदी छपाईपेक्षा वेगळं.

आणखी एक उदाहरण रोजच्या बोलण्यातलं. ‘ॲप’ हा शब्द ज्या अक्षराने सुरू होतो, ते मराठी ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आलं ते थेट २००८ मध्ये. त्याआधी ‘अ’वर वेगळा चंद्र चढवून काम चालवायचे. पहिल्या आवृत्तीनंतर १७ वर्षांनी एक अक्षर! अशी अक्षरं आपोआप येत नाहीत. कुणीतरी ‘आमच्या भाषेत हे लागतं’ असं कागदोपत्री मांडतं, पाठपुरावा करतं, तेव्हा ती येतात.

मग अडतंय कुठे?

सोय आहे, फुकट आहे, तरी वापर का नाही? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, शिकण्याचं. आपल्यापैकी लय जणांनी संगणक एमएस-सीआयटीला शिकला आणि मराठी टायपिंग नोकरीच्या परीक्षेसाठी. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मिनिटाला मराठी ३० शब्द हवेत, म्हणून क्लास लावला. म्हणजे मराठी टायपिंग ही परीक्षेची गोष्ट झाली, रोजची झाली नाही. ज्याला लिपिक व्हायचं नाही, त्याने ते शिकायचं कारणच उरलं नाही.

दुसरं, मोबाइलचं. मोबाइलवर मराठी सहज येते, आणि त्यामागे नियमही आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये अधिसूचना काढली, की भारतात विकायच्या मोबाइलवर सगळ्या २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदीसोबत आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे. हा नियम मोबाइलसाठी होता. लॅपटॉप विकणाऱ्याला मात्र गिऱ्हाइकाला ‘मराठी चालू करून देऊ का?’ असं विचारायची गरज पडत नाही. आपणही विचारत नाही.

तिसरं, मनातलं. मराठीत दिसणारा संगणक म्हणजे ‘ज्याला इंग्रजी येत नाही त्याचा’ असं आपण ठरवून टाकलंय. जर्मन माणूस जर्मन संगणक वापरतो तेव्हा त्याला कुणी अडाणी म्हणत नाही. आपल्याकडे कॉलेजात लॅपटॉप मराठीत ठेवून बघा, पहिला प्रश्न काय येतो ते. भाषांतरांचंही थोडं चुकतं. ‘फाइल’ला ‘संचिका’ म्हटलं की आपल्यालाच परकं वाटतं. पण ती भाषांतरं सुधारायची कोणी? जे वापरतात त्यांनीच ना? वापरणारेच नसतील तर ‘हा शब्द बदला’ असं सांगणार कोण?

फरक कोणाला पडतो?

‘व्हॉट्सॲपवर बोलतोच की आम्ही घरी’, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण सगळं काही बोलण्यात मावत नाही. वडिलांना कर्जाचा अर्ज कसा भरायचा हे समजावून सांगायचं असेल, आईच्या दवाखान्याच्या कागदांचा सारांश लिहून द्यायचा असेल, ग्रामपंचायतीला किंवा तलाठ्याला अर्ज करायचा असेल, तर लिहावंच लागतं. आणि तो कागद घरी वाचणारा माणूस मराठी वाचतो. रोमन लिपीत लिहिलेली मराठी त्याला ठेचकाळत वाचावी लागते.

शेताचंच घ्या. सातबारा आता ऑनलाइन बघता येतो, डिजिटल सहीचा उताराही काढता येतो. परदेशात बसून तुम्ही बापाच्या नावावरची जमीन बघू शकता. पण गट नंबर आठवत नसेल आणि नावाने शोधायचं असेल, तर नाव मराठीत टाकावं लागतं. ‘पाटील’ रोमनमध्ये लिहून सातबारा सापडत नाही. हजारोंचा लॅपटॉप समोर आणि स्वतःचं आडनाव लिहिता येईना, अशी गत.

उलट बाजूनेही अडतं. तहसीलसमोरच्या दुकानात टाइप करून घेतलेला कागद अनेकदा श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो इथे मस्त दिसतो. मेलने तिकडे पाठवला आणि त्या मशीनवर तो फॉन्ट नसला, की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. आपल्याला वाटतं फाइल खराब झाली. फाइल ठीकच असते. त्या जुन्या पद्धतीत संगणकाच्या लेखी ती मराठी नसतेच, इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घातलेले असतात. फॉन्ट काढला की कपडे उतरले. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, म्हणून ‘ळ’ मोताळ्यात ‘ळ’ आणि म्युनिकमध्येही ‘ळ’.

आणि मोठा फरक भाषेलाच पडतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण स्टेटस ठेवले. त्यातले किती स्टेटस देवनागरीत होते आणि किती रोमनमध्ये, हे ज्याने त्याने आपलं आठवून बघावं. शोधताना, भाषांतर करताना, मजकूर वाचून दाखवताना संगणक देवनागरी मजकुरावर भरवसा ठेवतो. आपण रोमनमध्ये लिहिलेलं प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. ते पुढे कुणाला सापडणार?

मागायचं काय?

प्रत्येक बटणावर मराठी अक्षर छापा, अशी मागणी मी करणार नाही. छापील अक्षरं शिकायला मदत करतात, पण टायपिंग येणारा माणूस बटणांकडे बघतच नाही. मागणी साधी असावी. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजसाठी, सरकारी पैशातून जो संगणक घेतला जातो, त्यात मराठी कीबोर्ड पहिल्या दिवसापासून चालू असावा. इनस्क्रिप्ट आठवी-नववीत शिकवावं, नोकरीसाठी नको, लिहिण्यासाठी. मराठी ही या राज्याची राजभाषा आहे, १९६४ चा कायदा आहे. मग राजभाषेचा कीबोर्ड सेटिंगच्या आत दडलेला का?

इनस्क्रिप्ट अवघड आहे असं म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. तुमच्या लॅपटॉपवर मराठी इनस्क्रिप्ट चालू करा आणि इंग्रजी बटणं या क्रमाने दाबा: सी, ए, एल, ई, मग शिफ्ट धरून एन, परत ई. पडद्यावर ‘मोताळा’ येईल. सहा बटणं, बस. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, एवढाच नियम. हीच मांडणी गुजराती, बंगालीलाही चालते.

आता जर्मन कीबोर्डकडे परत या. इनस्क्रिप्ट बटणावर काय छापलंय ते बघत नाही, बटण कुठे आहे ते बघते. त्यामुळे तिकडे ‘वाय-झेड’ची अदलाबदल झाली तरी तुमची मराठी जागची हलत नाही. दोन टिंबांच्या ‘ओ’वर ‘च’ येतो, दोन टिंबांच्या ‘ए’वर ‘ट’ आणि ‘यू’वर ‘ड’. ज्याची बोटं इनस्क्रिप्टवर बसलीत, त्याला जर्मनीचा कीबोर्ड मराठीपुरता परका नाहीच. गंमत म्हणजे अडतं ते इंग्रजी लिहितानाच!

निघण्याआधी एवढं करा

• लॅपटॉप इथून घेत असाल तर विंडोजची आवृत्ती बघा. ‘होम सिंगल लँग्वेज’ लिहिलं असेल तर पडद्यावरची भाषा एकच ठेवता येते. मराठी टाइप करायला मात्र त्यातही अडचण नाही.

• तिकडे घेणार असाल तर ऑनलाइन ऑर्डर देताना कीबोर्डची भाषा निवडता येते का ते आधी तपासा. काही कंपन्या हा पर्याय देतात. नाहीच मिळाला तर बटणांवर लावायचे स्टिकर मिळतात.

• पडद्यावरची जर्मन बदलायला नवीन संगणक लागत नाही. साध्या ‘होम’ आवृत्तीत भाषा सेटिंगमधून फुकट उतरवता येते.

• सेटिंगमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जाऊन मराठी जोडा. मग विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की इंग्रजीची मराठी होते.

• जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र, अर्ज वगैरे टाइप करून घेताना दुकानदाराला सांगा, ‘युनिकोडमध्ये करून द्या’. जुन्या फॉन्टमधलं असेल तर पीडीएफ तरी घ्याच.

• रोज १५ मिनिटं इनस्क्रिप्टचा सराव करा. जर्मनचे धडे पाठ करताय ना, मग त्या शब्दांचे मराठी अर्थ संगणकावर मराठीतच लिहा. दोन्ही भाषा एकदम होतील.

मराठी संगणकावर यावी म्हणून कानपूरला, पुण्याला, ग्रोनिंगनला, अमेरिकेत लोकांनी वर्षानुवर्षं घालवली. त्यांच्या वाटणीचं काम झालंय. आपल्या वाटणीला आलंय ते फक्त चालू करण्याचं काम. जर्मनीला जाणार असाल तर आजच करा. आणि कुठेच जाणार नसाल, मोताळ्यातच राहणार असाल, तर मग आधी करा.